आराखडा नसलेला अ‍ॅम्प्लिफायर

बालाघाट जिल्ह्यातल्या परसवाड्याच्या घरी बाबांचा अ‍ॅम्प्लिफायर माळ्यावरून खाली काढला आणि आम्हा भावांचं एकमत होईना. धाकटा म्हणाला, "दादा, खोकं राहू दे, आतलं सगळं काढून टाक. गोंदियाहून बोर्ड आणतो, काही शे रुपयांत काम होईल." त्याचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. पाच व्हॉल्व्हचं हे यंत्र भिंतीतून पंचेचाळीस-पन्नास वॉट वीज घेतं आणि जास्तीत जास्त दहा वॉटचा आवाज देतं. उरलेल्या विजेची नुसती उष्णता होते. त्यातले काही वॉट तर व्हॉल्व्हची फिलामेंटं तापवण्यातच जातात, मग गाणं लागलेलं असो वा नसो. आपल्याकडे भारत इलेक्ट्रॉनिक्स व्हॉल्व्ह बनवत असे, ते दिवस गेले. आज यातला आउटपुटचा व्हॉल्व्ह, ईएल८४, नवा हवा तर तो बहुधा स्लोव्हाकियाहून किंवा रशियाहून आलेला घ्यावा लागतो.

मोडून नव्याने बांधणं म्हणजे वाईटच, असं मी मानत नाही. आमच्या भागातली गोंदिया-नैनपूर-जबलपूर ही अडीच फुटी रेल्वे आठवून पाहा. चरेगाव, लामता अशी स्टेशनं घेत जाणाऱ्या त्या गाडीवर आमचा जीव होता. पण दोन रुळांमधलं अंतर दुरुस्तीने वाढत नाही. मोठ्या गाड्या हव्या होत्या, म्हणून रूळ उखडून नवा मार्ग टाकला, आणि ते योग्यच झालं. गरज बदलली की नवं बांधावं. प्रश्न एवढाच, की या अ‍ॅम्प्लिफायरकडून असलेली आमची गरज बदलली आहे का? दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत भोंगे वाजवायचे तर दहा वॉट तोकडेच पडतील. पण घरच्या खोलीत संध्याकाळी भजनं ऐकायला ते तेव्हाही पुरत होते, आजही पुरतील.

मग बिघडलंय काय, ते आधी पाहायला हवं. साठ वॉटचा दिवा सिरीजमध्ये लावून मी यंत्र चालू केलं. दिवा क्षणभर पेटला आणि मंदावला, म्हणजे कुठे शॉर्ट नव्हता. स्पीकरमधून घूं घूं येत होतं. कानाला सवय असेल तर ही घरघरही बोलते. जाडजूड ५० हर्ट्झची असेल तर अर्थिंगकडे किंवा फिलामेंटच्या तारांकडे पाहावं. तिच्या वरच्या सप्तकातली, १०० हर्ट्झची असेल तर डीसी गाळणारे कंडेन्सर वाळलेत असं समजावं. ही १०० ची होती. दुसरा बिघाड मात्र आवाज न करणारा निघाला. ईएल८४ च्या ग्रिडवर चेसिसच्या तुलनेत शून्य व्होल्ट यायला हवे होते, मीटरने ४ दाखवले. आधीच्या व्हॉल्व्हकडून सूर पुढे नेणारा कागदी कंडेन्सर गळत होता. तसंच चालवलं असतं तर व्हॉल्व्ह लाल होईपर्यंत करंट ओढत राहिला असता आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळाला असता. अगदी स्वस्तातल्या एका भागापायी परत न मिळणारी वस्तू गेली असती.

परत न मिळणारी का, ते सांगतो. सर्किट मुलार्ड कंपनीच्या १९५० च्या दशकातल्या प्रसिद्ध 'फाइव्ह-टेन'च्या धर्तीवरचं आहे: पाच व्हॉल्व्ह, दहा वॉट. त्यात आउटपुटचा थोडा अंश उलट फिरवून पहिल्या व्हॉल्व्हकडे आणतात. आवाजातला दोष त्यामुळे कमी होतो. १९४७ साली विल्यमसन यांनी आपला गाजलेला अ‍ॅम्प्लिफायर 'वायरलेस वर्ल्ड'मध्ये मांडला, तेव्हा ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळणीवर एवढा भर दिला होता त्याचं कारण असं: ही परतीची वाट ट्रान्सफॉर्मरमधूनच येते. तो जसा गुंडाळलेला असेल तसा वरच्या पट्टीत सूर मागे पडतो, आणि तो फार मागे पडला की अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच शिट्टी घालू लागतो. म्हणजे बाजारचा दुसरा ट्रान्सफॉर्मर बसवला की सगळं सर्किट त्याच्या स्वभावाला पुन्हा जुळवून घ्यावं लागतं.

बाबांनी हा ट्रान्सफॉर्मर हाताने गुंडाळला होता. थरांमध्ये कागद, आणि टोकांवर पेन्सिलीने लिहिलेलं 'सुरुवात', 'मधलं', 'शेवट'. आमच्याकडे शाळेत हिंदी, बाजारात हिंदी. १९५६ साली शेजारचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि आमचा बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. पण स्वतःसाठी लिहिताना बाबा मराठीच लिहीत. व्हॉल्व्हच्या सॉकेटची भोकं त्यांनी गोलात बारीक छिद्रं पाडून, मग कानशीने घासून केली आहेत. कडेला हात फिरवला की छिद्रांच्या खुणा अजून बोटांना लागतात.

पण मला थांबवलं ते एका क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टीने. परतीच्या वाटेवरच्या रेझिस्टरला समांतर एक छोटा अभ्रकाचा कंडेन्सर असतो. इथे दोन होते, एकामागे एक सिरीजमध्ये जोडलेले, आणि त्यांच्या डागांवर पुन्हा पुन्हा तापवल्याच्या खुणा. छापील सर्किटमध्ये अशी जोडी नाही. बाबांना शिट्टी ऐकू आली असणार. मग एक लावून पाहिला, बदलला, दोन जोडून हवी ती किंमत साधली. कारखान्याच्या वस्तूला सर्व्हिस मॅन्युअल असतं, हरवलं तरी कुठेतरी दुसरी प्रत निघते. घरी बांधलेल्या वस्तूचा आराखडा म्हणजे ती वस्तूच. ती उपसून टाकली की बांधणाऱ्याने काय ऐकलं आणि त्यावर काय ठरवलं, ते कुणालाच कळणार नाही. म्हणून घरच्या वस्तूच्या बाबतीत मी दुरुस्तीच्या बाजूचा आहे, आणि दुरुस्तीच्याही आधी ती कागदावर उतरवून घेण्याच्या बाजूचा.

काही हौशी लोक जुन्या कंडेन्सरचा डबा पोकळ करून त्यात नवा लपवतात, वरून सगळं जुनंच दिसावं म्हणून. मला ते पटत नाही. स्मारकांच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेत म्हटलं आहे की बदललेला भाग एकूण वास्तूशी जुळावा, पण मूळ भागापासून वेगळा ओळखूही यावा. टेबलावरच्या यंत्रालाही ते लागू पडतं. नवे कंडेन्सर मी उघडे ठेवले, शेजारी तारीख लिहिली. वीजतार मात्र विनाचर्चा बदलली, तीन पिनांची केली, चेसिसला अर्थ दिला. ३०० व्होल्टच्या यंत्रात जुनेपणाचं कौतुक तिथे चालत नाही. बंद केल्यावरही कंडेन्सरात वीज उरते, म्हणून हात घालण्याआधी प्रत्येक वेळी ती रेझिस्टरमधून उतरवली.

ग्रिडवर आता शून्य आहे. घरघर गेली. मंडईसाठीचा नवा अ‍ॅम्प्लिफायर धाकटा बांधतोय, वेगळ्या खोक्यात, बाजारच्या बोर्डावर. मी काढलेल्या नकाशाची एक प्रत त्याच्याकडे दिली आहे. त्यात दोन अभ्रकांपुढे लिहिलं आहे: शिट्टी थांबवण्यासाठी, बाबांनी ऐकून बसवलेले.