बेलोऱ्याची लांबी

अमरावती आणि अकोल्याच्या वीसेक हौशी माणसांनी मिळून एक विमान कंपनी काढली होती. विमान एकही नव्हतं. संगणकावरचा फ्लाइट सिम्युलेटर, हातात जॉयस्टिक आणि कानाला हेडफोन, एवढ्या भांडवलावर कंपनी चालायची. हसण्यासारखं यात काही नाही. अशा आभासी विमानसेवा जगभर आहेत. त्यांना वेळापत्रक असतं, प्रत्येक उड्डाणाची नोंद असते, हुद्दे असतात. व्हॅटसिम नावाच्या जाळ्यावर तर 2001 पासून हौशी मंडळी बिनपगारी हवाई नियंत्रक होऊन रात्र रात्र बसतात आणि कुठल्या कुठल्या देशातल्या अनोळखी वैमानिकाला उतरायची परवानगी देतात. भजनी मंडळातली माणसं ज्या निष्ठेनं टाळ धरतात, त्याच निष्ठेनं.

अकोल्याच्या सभासदांची एक जुनी सल होती. शिवणीला धावपट्टी आहे, पण नेमानं येणारं प्रवासी विमान नाही. ती वाढवायची तर कृषी विद्यापीठाची जमीन हवी, आणि त्या जमिनीच्या प्रश्नानं किती सरकारं पाहिली याचा हिशेब कोणी ठेवत नाही. अमरावतीचं मात्र नशीब उघडलं. 16 एप्रिल 2025 ला मुंबईहून आलेलं अलायन्स एअरचं एटीआर 72 बेलोऱ्याला उतरलं आणि लगोलग आभासी कंपनीनंही अमरावती-मुंबई मार्ग जाहीर केला. अट एकच. या मार्गावर फक्त कॅप्टन उडतील. फर्स्ट ऑफिसरांनी आधी बढतीची परीक्षा द्यायची.

परीक्षा घेणार सर. तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेले, सडेफटिंग, विमानांचं वेड शाळकरी वयापासूनचं. कंपनीची मराठी पुस्तिका त्यांनीच लिहिलेली. धावपट्ट्या, हवामान, वजनाचे हिशेब, सगळं त्यात. दर पावसाळ्यात ते नव्या सभासदांना एक व्याख्यान द्यायचे. विषय ठरलेला, टेनेरिफ. 27 मार्च 1977 ला त्या बेटावरच्या धुक्यात दोन जम्बो जेट धावपट्टीवरच एकमेकांना धडकली आणि 583 माणसं गेली. परवानगी मिळण्याआधीच ज्यानं विमान सोडलं, तो डच कॅप्टन साधासुधा नव्हता, कंपनीच्या जम्बो प्रशिक्षणाचा प्रमुख होता. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाची जम्बोची परीक्षा दोन महिन्यांपूर्वी त्यानंच घेतलेली. समोरचं विमान अजून धावपट्टीवरून हटलं नाही की काय, अशी शंका मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरनं काढली होती. कॅप्टननं ठासून सांगितलं, हटलंय. इंजिनिअर गप्प बसला. सर हे सांगताना त्या जागी थोडं थांबायचे आणि मग टेबलावर हात आपटायचे.

पेपर पन्नास प्रश्नांचा. पास व्हायला सत्तर टक्के, म्हणजे पस्तीस गुण. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या खऱ्या परीक्षेतही सत्तर टक्केच लागतात, हे सर अभिमानानं सांगत.

निकालात अमरावतीच्या एका पोराला बरोबर पस्तीस पडले. हा पोरगा अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षांची तयारी करणारा. आयोगाच्या पहिल्या उत्तरतालिकेवर हरकती घेण्यात हात बसलेला. अकोल्याच्या एका मुलीला चौतीस. वडिलांचं सरकी-ढेपीचं दुकान, दिवसा ती गल्ल्यावर असे आणि रात्री आकाशात. दर्यापूरच्या आणखी एकालाही चौतीसच.

मुलीनं उत्तरतालिका पाहिली आणि ग्रुपवर लिहिलं, “सर, मी भांडून नाई रायली. फक्त पाच नंबरचा प्रश्न एकदा पाहून घ्या. बेलोऱ्याची लांबी तुमी 1372 मीटर धरली. थे जुनी हाय. आता 1850 हाय.”

सरांचं उत्तर आलं ते पाच मिनिटांत. “परीक्षकाचा निर्णय अंतिम राहील, असं पेपरवर छापलं हाय. पाह्यलं का?”

गोष्ट इथंच मिटली असती. बहुतेक ठिकाणी मिटतेच. पण आभासी कंपनीला पगार नाही, पेन्शन नाही, त्यामुळे तिथं माणूस रुसून निघून जाण्यापलीकडे कोणाला काही गमवायचं नसतं आणि म्हणून तो बोलू शकतो. मुलीनं विमानतळाच्या अधिकृत माहितीचं पान टाकलं. सरांनी सिम्युलेटरमधल्या नकाशाचं चित्र टाकलं, त्यात 1372. मुलीनं विचारलं की त्या नकाशाची तारीख कोणती. खऱ्या विमानसेवेत हे नकाशे आणि आकडे दर 28 दिवसांच्या ठरलेल्या फेऱ्यानं बदलले जातात, आणि जुना कागद घेऊन उडणं ही चूकच धरली जाते. सरांना हे पाठ होतं. पुस्तिकेत त्यांनी तसं लिहिलंही होतं, पान बारावर. धावपट्ट्यांचा तक्ता पान चाळीसवर होता.

शेवटी मूर्तिजापूरला भेटायचं ठरलं. दोन्ही गावांना मध्यावर. एका हॉटेलात तीन टेबलं जोडून दहा-बारा जण बसले. सर तयारीनं आले होते. त्यांचा मुद्दा ऐकायला वाटतो तितका पोकळ नव्हता.

“लांबी कमी धरली तं वैमानिक सावध राह्यते,” ते म्हणाले. “जास्त धरली असती तं गोष्ट येगळी. चूक असन तं थे सुरक्षित बाजूची हाय.”

मुलगी म्हणाली, “सर, एटीआरले भरल्या वजनानं समुद्रसपाटीवर, पंधरा डिग्रीत, तेराशे मीटरच्या आसपास लागते. आपल्या इथं मे महिन्यात चव्वेचाळीस. हवा इतकी पातळ की विमानाले वाटते आपन चार-पाच हजार फुटावर हाव. 1372 धरली तं कॅप्टन मानसं उतरवून देईन. ज्याईनं तिकीट काढलं त्याईले काय सांगाचं? पुस्तिकेत असं हाय म्हनून?”

सर थोडे नरमले आणि त्यांनी तोडगा काढला. “बरं, असं करू. या प्रश्नाचा एक मार्क सगळ्याईले देऊन टाकू. हिचे पस्तीस होतात. कोनाचंच नुकसान नाई.”

सुटकेचा निःश्वास सगळ्यांनीच टाकला. दर्यापूरकर तर उठून चहा सांगायलाच गेला, कारण त्यानं तो प्रश्न कोरा सोडला होता आणि आता तोही कॅप्टन होणार होता.

सरसकट गुण वाटण्यात एक गोडवा असतो. वाटणाऱ्याला उदार वाटतं, घेणाऱ्याला न्याय मिळाल्यासारखं वाटतं आणि चूक कोणाची हा प्रश्न बशीतल्या चहासारखा पुसून टाकता येतो. 2024 च्या नीट परीक्षेत भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाला दोन उत्तरं बरोबर धरली गेली, कारण जुन्या पाठ्यपुस्तकात एक होतं आणि नव्यात दुसरं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांना विचारलं गेलं, त्यांनी सांगितलं की बरोबर उत्तर एकच. चार लाखांवर विद्यार्थ्यांचे पाच-पाच गुण उतरले. पैकीच्या पैकी मिळवलेल्या 61 जणांतले 44 खाली आले. जुनं पुस्तक वाचून अभ्यास केलेल्या पोरांचा त्यात काय दोष, हे तेव्हा कोणी नीट सांगितलं नाही. मला वाटतं, सांगता येण्यासारखं नव्हतंच.

टेबलाच्या टोकाला बडनेऱ्याचे काका बसले होते. रेल्वेतून निवृत्त झालेले, विमानात एकदाही न बसलेले आणि सिम्युलेटरवर सगळ्यांत हळू उतरणारे. त्यांनी बोट दाखवलं ते खिडकीबाहेरच्या महामार्गाकडे.

“या रस्त्याचा लोणी ते मूर्तिजापूर पट्टा 2022 मंधी 105 तास 33 मिनिटात डांबरला. एका लेनचे 75 किलोमीटर. गिनीजवाल्याईनं कंत्राटदाराचा शब्द घेतला का? मोजला. सर, मले तीनच गोष्टी सांगा. पुस्तिका कोनं लिवली?”

“मी.”

“पेपर कोनं काढला?”

“मीच.”

“तपासला कोनं?”

सर काही बोलले नाहीत.

“मंग या पोरीनं हरकत घ्याची कोनापाशी?” काका म्हणाले. “आमच्या रेल्वेत सिग्नल देनारा येगळा, गाडी हाकनारा येगळा. हुशारी कमी म्हनून नाई. एकच मानूस दोन्ही कामं कराले लागला की त्याची चूक त्याले दिसत नाई. अन् चूक सुरक्षित बाजूनं पडली म्हनता, थे तुमचं नशीब. कोन्या बाजूनं पडन, हे काही चूक तुमाले इचारून ठरवत नाई.”

मग अभ्यासिकेतला पोरगा बोलला. तोवर तो गप्प होता. आयोगाच्या तालिकेवर हरकतीचं शुल्क भरणारा हा पोरगा इथं मात्र एक शब्द काढत नव्हता, हे सगळ्यांच्या लक्षात आलं होतं.

“उत्तर बदललं तं माहे चौतीस होतात,” तो म्हणाला. “म्या तं पुस्तिकाच वाचली. तिच्यात जे हाय तेच लिवलं. माही काय चूक?”

याला कोणापाशीच उत्तर नव्हतं. मुलीपाशीही नव्हतं, ती खाली पाहत राहिली. तिला पस्तीस हवे होते, त्याचे चौतीस नको होते, आणि दोन्ही एकदम मिळत नव्हतं.

बऱ्याच वेळानं सर म्हणाले, “तुही नाई. माही हाय.”

आणि मग हळूहळू, चहा गार होईपर्यंत, ठरत गेलं. उत्तर 1850 च. मुलगी कॅप्टन. ज्यानं प्रश्न कोरा सोडला त्याला काही नाही. दर्यापूरकर तोवर पैसे देऊन आला होता, त्यानं ते हसत सोसलं. पोराचे चौतीस, पण पुन्हा बसायला तीन महिने थांबायचा जो नियम होता तो त्याच्यापुरता बाजूला. पुढच्या रविवारीच पेपर, आणि तो सरांनी काढायचा नाही. तोवरची त्याची कॅप्टन म्हणून झालेली दोन उड्डाणं नोंदीत तशीच राहतील, कारण ती त्यानं कंपनीच्या शब्दावर केली होती.

सरांनी आणखी एक गोष्ट आपणहून घातली. नवा पेपर आपणही द्यायचा, आणि पास होईपर्यंत कॅप्टनचा हुद्दा खाली ठेवायचा.

“सर, एवढं कायले?” दोघं-तिघं म्हणाले.

यात थोडा देखावा होता, असं मला वाटतं. मास्तरकी मुरलेल्या माणसाला हार मानतानाही वर्गासमोर मानायची असते. पण देखावा असला तरी त्याची किंमत खरी होती. पुढचा आठवडाभर सर त्या मुलीच्या उजव्या हाताला फर्स्ट ऑफिसर म्हणून बसले. चाकं खाली, फ्लॅप किती, वेग किती, हे तिला वाचून दाखवायचं काम त्यांचं. एकदा मुंबईला उतरताना ती जरा उंच राहिली. सर दोनदा म्हणाले, “उंच हाव.” तिसऱ्यांदा म्हणायच्या आत तिनं विमान पुन्हा वर घेतलं आणि फेरी मारून आली. उतरल्यावर सरांनी तिला सांगितलं की तू पहिल्यांदाच ऐकायला पाहिजे होतं. तिनं हो म्हटलं आणि नोंदवहीत लिहिलं.

पुस्तिकेचं काम दोन संध्याकाळी चाललं. आता तिच्या प्रत्येक तक्त्याखाली तारीख असते आणि तक्ता कुठल्या कागदावरून घेतला ते असतं. बेलोऱ्याला एअर इंडियाची वैमानिक शाळा यायची आहे, वर्षाला 180 वैमानिक घडवायची तिची योजना आहे. त्यातला एखादा कधी आपल्या ग्रुपवर आला आणि त्यानं हे पुस्तक चाळलं तर, अशी धास्ती सरांना तेव्हापासून लागून राहिली आहे. धास्ती चांगली आहे.

रविवारचा पेपर मुलीनं काढला आणि काकांनी तपासला. सरांना एकेचाळीस पडले. पोराला सदतीस. तो पास झाला होता, तरीही त्यानं तासाभरात हरकत टाकली. प्रश्न असा होता, रेडिओ बंद पडलाय, विमान हवेत आहे, टॉवरवरून हिरवा दिवा लुकलुकताना दिसतोय, काय करायचं? त्यानं लिहिलं होतं, उतरायचं. तालिकेत होतं, परत येऊन उतरायच्या तयारीत राहायचं.

मुलगी दुकानात होती. ढेपीच्या पोत्यांचा हिशेब बाजूला ठेवून तिनं आंतरराष्ट्रीय नियमांचं ते पान शोधलं, त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, आणि मग त्याला फोन लावला.

“पाह्यलं का?”

“पाह्यलं, ताई. म्हंजे लुकलुकत असन तं अजून परवानगी नाई?”

“नाई. स्थिर झाला की मंग. लुकलुकनारा म्हनते, या, पन थांबा.”

“जमिनीवर असलो तं?”

“तं टॅक्सी करा. त्याच पानावर खाली हाय, वाच.”

तो वाचत असावा. थोड्या वेळानं म्हणाला, “मंग सदतीसच.”

“सदतीसच,” ती म्हणाली. “हरकतीची नोंद टाकते. पानासकट.”