राखणदाराची राखण कोणी करावी?

१८९१ साली मिरजेहून कोल्हापुरास रेल्वे आली. त्याच वर्षी मे महिन्यात पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या स्थितीविषयीचे ‘रेरूम नोव्हारूम’ हे परिपत्रक प्रसिद्ध केले. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नव्हता. तरीही रेल्वेच्या सुरक्षिततेचा विचार करताना आम्हांला त्या शेजारी शेजारी ठेवाव्याशा वाटतात. कामगारांना संघटित होण्याचा नैसर्गिक अधिकार आहे आणि मन बधिर व शरीर जर्जर होईल इतके श्रम कोणाकडूनही घेऊ नयेत, असे त्या परिपत्रकाने बजावले होते.

आपल्या धर्मग्रामातील मुले रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईस निघतात आणि निर्धास्त झोपी जातात. ती झोप इतरांच्या जागरणावर विसंबून असते. इंजिनात लोको पायलट डोळ्यांत तेल घालून सिग्नल पाहत असतो. कीमन मैलोन्‌मैल चालत रुळांची सैल झालेली चावी ठोकून घट्ट करीत असतो. अशा माणसांच्या संघटना केवळ पगारासाठी भांडतात, हा नेहमीचा आरोप कितपत खरा आहे? ऑगस्ट १९७३ मध्ये इंजिनचालकांनी संप केला, तेव्हा कामाचे तास हीच त्यांची प्रमुख तक्रार होती. ड्यूटी दहा तासांहून अधिक नसावी, हे सरकारने त्या वेळी मान्य केले. मात्र त्याच्या अंमलबजावणीसाठी पुढेही झगडावे लागले. चालकाची विश्रांती ही चैन नव्हे, ती प्रवाशाच्या प्राणांची हमी होय. ती मागणारी संघटना स्वार्थाबरोबर परमार्थही साधत असते.

परंतु ज्याच्या हाती गाडी थांबविण्याची शक्ती आहे, त्याची जबाबदारीही तेवढीच मोठी असते. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडून मृत्युमुखी पडले. या प्रकरणी अभियंत्यांवर गुन्हा नोंदविला गेल्याच्या निषेधार्थ ६ नोव्हेंबर रोजी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस येथे कर्मचाऱ्यांनी आंदोलन केले. लोकल खोळंबल्या. त्याच संध्याकाळी सँडहर्स्ट रोडजवळ रुळांवरून चालत निघालेले प्रवासी लोकलखाली सापडले. सहकाऱ्याच्या पाठीशी उभे राहणे हे कर्तव्यच आहे. पण ज्या एकजुटीत अनोळखी प्रवाशाला जागा नाही, ती एकजूट अपुरी होय.

या अनोळखी माणसाची बाजू कोणी मांडावी? डॉ. अनिल काकोडकर समितीच्या २०१२ च्या अहवालानुसार रुळांवर शिरल्यामुळे दरवर्षी सुमारे १५ हजार माणसे प्राणांस मुकत होती. त्यांपैकी सुमारे ६ हजार मुंबईच्या उपनगरी मार्गांवर. त्यांच्या वतीने प्रवासी संघटना आणि स्वयंसेवी कार्यकर्ते बोलतात. रेल्वे अपघातात दोन्ही पाय गमावलेले समीर झवेरी यांनी जखमींना वेळेत उपचार मिळावेत म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. उपनगरी स्थानकांवर तातडीचे वैद्यकीय कक्ष उभे राहिले, त्यामागे हा लढा आहे. कायदा ज्याला ‘अनधिकृत’ म्हणतो, त्याच्याही जिवाचे मोल कमी होत नाही, हे त्यातून ठसले.

८ मे २०२० रोजी, टाळेबंदीच्या दिवसांत, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ गावाकडे पायी निघालेले १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. थकून ते रुळांवरच झोपले होते. नियमाप्रमाणे त्यांनी तेथे असावयास नको होते. पण आपण भावाचे राखणदार आहोत काय, या काईनाच्या प्रश्नाला नियमावलीतून उत्तर मिळत नाही.

सुरक्षिततेची पहिली जबाबदारी रेल्वे प्रशासनाचीच. संघटना आणि संस्था त्याला जागे ठेवतात, त्याची जागा घेऊ शकत नाहीत. आणि आपण? पुरेशी विश्रांती मागणाऱ्या चालकाला कामचुकार म्हणण्यापूर्वी जीभ आवरावी. बंद फाटकाखालून वाकून जाणाऱ्या पोराला, ते आपले नसले तरी, हाताला धरून मागे ओढावे.