चूक कोणाची, भरपाई कोणाची?

4 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्रीनंतर वाराणसी-मिर्झापूर सीमेवर एका ट्रकने ट्रॅक्टर-ट्रॉलीला मागून धडक दिली. भदोहीतले स्लॅबचे काम उरकून वाराणसीकडे घरी निघालेले 10 मजूर त्यात दगावले. अशा वेळी पहिला प्रश्न असतो, ड्रायव्हर सापडला का? पोलिसांसाठी तो रास्तच आहे. पण मागे राहिलेल्या घरांचे पुढे काय, याचे उत्तर त्यात नाही. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे आपल्या कायद्याला फार सावकाश उमगत गेले.

1939 च्या मोटार वाहन कायद्याने त्रयस्थाचा विमा सक्तीचा केला आणि 1946 पासून ती सक्ती अमलात आली. 1956 च्या दुरुस्तीने अपघात दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणांची सोय झाली. तरी मूळ अट कायम होती: आधी चूक दाखवा. मुंबईहून गेलेल्या एका खटल्यात 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितले, की चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय मालकावर आणि विमा कंपनीवर भार येत नाही. म्हणजे जिचा नवरा गेला, तिनेच ट्रक कसा चालवला जात होता याचे पुरावे गोळा करायचे! 1982 साली ही अट थोडी सैल झाली. दोष न पाहता मृत्यूसाठी 15,000 आणि कायमच्या अपंगत्वासाठी 7,500 रुपये मिळू लागले. रक्कम तुटपुंजी, पण तत्त्व मोठे होते.

त्या तत्त्वाचा कस सातारा जिल्ह्यात लागला. ऑक्टोबर 1987 मध्ये महामार्गावर कवठे गावाजवळ पेट्रोलचा टँकर आणि ट्रक यांची टक्कर झाली. टँकर रस्त्याकडेला कलंडला, पेट्रोल गळू लागले, लोक जमले आणि काही तासांनी स्फोट होऊन माणसे होरपळून मेली. टँकर तर तेव्हा उभाच होता, मग हा वाहनाच्या वापरातून झालेला अपघात कसा, असा बचाव झाला. 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. टक्कर, गळती आणि स्फोट ही एकच साखळी असून कलंडलेला टँकरही ‘वापरात’ असू शकतो, असे ठरले. चाके थांबली म्हणून जबाबदारी थांबत नाही.

पुढे हा विचार रुंदावला. 2004 साली ठरले, की परवान्यातल्या त्रुटीवर बोट ठेवून विमा कंपनीला सरसकट हात झटकता येणार नाहीत. 2015 साली आणखी एक गाठ सुटली: दोन वाहनांच्या चुकीने तिसरा मेला, तर त्याचे वारस कोणाही एकाकडून पूर्ण भरपाई वसूल करू शकतात. वाटणी त्या दोघांनी आपसात पाहावी. 2019 च्या दुरुस्तीने दोष सिद्ध न करता मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाखांची तरतूद केली.

तरीही वर्तुळ अपुरे आहे. दाव्यात प्रतिवादी असतात ते बहुधा चालक, मालक आणि विमा कंपनी. क्षमतेपेक्षा जास्त माल कोणी भरला, ‘सकाळपर्यंत पोहोच’ असा तगादा कोणी लावला, हे क्वचितच विचारले जाते. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1961 च्या कायद्याने मोटार कामगाराचा दिवस 8 तासांचा ठरवला होता. रात्रभर स्टिअरिंग धरणाऱ्याला तो कुठे भेटतो? अपघातानंतर न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला 10 वर्षांपर्यंत कैद देणाऱ्या नव्या कलमाविरुद्ध जानेवारी 2024 मध्ये ट्रकचालकांनी संप केला. त्यामागची भीती हीच होती, की साखळीतला शेवटचा माणूसच सगळे भोगणार. भरपाईची जबाबदारी चालकाकडून मालकापर्यंत पोहोचली, तशी ती माल पाठवणाऱ्यापर्यंतही गेली पाहिजे.

काशीयात्रेला जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी एक गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. अपघात वाराणसीजवळ झाला, तरी भरपाईचा दावा आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणात करता येतो. एफआयआर, पंचनामा आणि वाहनाच्या विम्याच्या प्रती मिळवा, आणि घाईत कोणत्याही तडजोडीच्या कागदावर सही करू नका.