अन्नपाननिरोध : पिंजऱ्यातील जीवाच्या आहाराचा धर्मविचार

जैन आचारशास्त्राने गृहस्थाच्या अहिंसेचा विचार करताना प्राण्याला ठार मारणे एवढ्यापुरताच दोष मर्यादित ठेवलेला नाही. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे, म्हणजे संसारात राहणाऱ्या श्रावकाने आपल्या मर्यादेत पाळावयाच्या अहिंसाव्रताचे, पाच अतिचार सांगितले आहेत. व्रत मोडले असे म्हणता येत नाही, पण ते निर्मळही राहिलेले नसते, अशा दोषाला अतिचार म्हणतात. प्राण्याला हवे तिकडे जाऊ न देता बांधून ठेवणे हा बंध, काठीने किंवा चाबकाने मारणे हा वध, कान-नाक यांसारखे अवयव कापणे हा छेद, झेपणार नाही इतके ओझे लादणे हे अतिभारारोपण आणि वेळेवर अन्नपाणी न देणे हा अन्नपाननिरोध. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारातही, नावे थोडी वेगळी असली तरी, हेच पाच दोष आढळतात. हे पाचही दोष रानातल्या हरणाच्या बाबतीत सहसा घडत नाहीत. ते घडतात माणसाने आपल्या दावणीला बांधलेल्या जीवाच्या बाबतीत. पशुपालकाच्या गोठ्यात उभे राहूनच ही यादी केली असावी असे वाटावे इतकी ती नेमकी आहे, आणि म्हणूनच प्राणी पाळणाऱ्याचे धर्मकर्तव्य कोणते या प्रश्नाची चर्चा तिच्यापासून सुरू करणे योग्य ठरते.

कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात या चर्चेला विशेष अर्थ आहे. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या नद्यांच्या पाण्यावर पोसलेला हा उसाचा आणि दुभत्या जनावरांचा मुलूख असून येथील शेतकऱ्यांत दिगंबर जैन समाज मोठा आहे, आणि याच तालुक्यात नांदणी येथे जिनसेन भट्टारकांचा जुना मठ आहे. ज्या समाजात व्रते आणि जनावरे एकाच घरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली, तेथे अन्नपाननिरोध हा केवळ पोथीतला शब्द राहत नाही. त्या शब्दाची व्याप्ती किती, हा मात्र खरा प्रश्न आहे. प्राण्यासमोरचे भांडे भरलेले असेल, पण त्यातले अन्न त्याच्या शरीराला चालणारे नसेल, तर पाळणाऱ्याला हा दोष लागतो की नाही? अलीकडे घरोघरी हौसेने पाळल्या जाणाऱ्या छोट्या प्राण्यांपैकी गिनीपिग हा या प्रश्नाची सर्वांत कठोर कसोटी पाहणारा प्राणी आहे.

गिनीपिग मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या प्रदेशातला. तेथील लोकांनी हजारो वर्षांपूर्वी तो माणसाळवला. पूर्णपणे शाकाहारी असलेल्या या प्राण्याची रचना गवतावर जगण्यासाठी झालेली आहे. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात, आणि तंतुमय गवत सतत चघळले तरच ते झिजून योग्य लांबीचे राहतात. तसे झाले नाही तर वाढलेले दात जीभ आणि गाल यांना टोचू लागतात व समोर अन्न असूनही त्याला खाता येत नाही. त्याच्या मोठ्या आतड्याच्या आरंभी असलेल्या पिशवीत, जिला अंधांत्र म्हणतात, सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने गवताचे किण्वन होते, आणि ही क्रिया चालू राहण्यासाठी पोटात थोडे थोडे अन्न अखंड जात राहावे लागते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, गाय, कुत्रा, उंदीर असे बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात तयार करतात, तर माणसाप्रमाणेच गिनीपिगही ते तयार करू शकत नाही. त्याला ते रोजच्या अन्नातून मिळावेच लागते. नॉर्वेतील आक्सेल होल्स्ट आणि थेओडोर फ्रोलिख या संशोधकांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत केवळ धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगांना स्कर्व्ही झाल्याचे आणि ताज्या पाल्याने तो टळत असल्याचे दाखवून दिले. हिरड्यांतून रक्त येणे, सांधे सुजणे, अंगातील त्राण जाणे ही त्या रोगाची लक्षणे असून पूर्वी लांबच्या सफरीवरील खलाशी त्याने मोठ्या संख्येने मरत असत. क जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट या प्रयोगांमुळे मोकळी झाली, म्हणजे माणसाला स्वतःच्या एका प्राणघातक रोगाचे कारण या मुक्या जीवाच्या उपासमारीतून कळले. हे ऋण विसरता येण्यासारखे नाही.

त्या प्रयोगातील गिनीपिग रूढ अर्थाने उपाशी नव्हते, कारण धान्य त्यांना मिळत होते. शब्दाला धरून चालणारा वाचक येथे असे म्हणू शकेल की, पूज्यपादांनी तत्त्वार्थसूत्रावरील सर्वार्थसिद्धी या टीकेत अन्नपाननिरोधाचा अर्थ गाय इत्यादी प्राण्यांना भूक आणि तहान यांची बाधा पोहोचवणे असा केला आहे, आणि जेथे पोट भरले आहे तेथे भुकेची बाधा नाही, तेव्हा दोषही नाही. हा युक्तिवाद टिकत नाही, आणि तो टिकत नसल्याचे कारण तत्त्वार्थसूत्राच्या त्याच सातव्या अध्यायात आहे. तेथे हिंसेची व्याख्या प्रमादाशी जोडलेली आहे. प्रमाद म्हणजे कषायांनी, म्हणजे क्रोध-लोभादी विकारांनी, किंवा बेफिकिरीने ग्रासलेल्या मनाची असावध अवस्था, आणि या अवस्थेतून प्राणांना पोहोचणारी इजा म्हणजे हिंसा. हाताने काय घडले यापेक्षा ते करताना सावधपणा होता की नव्हता, यावर येथे भर आहे. ज्याच्या शरीराची गरज जाणून घेणे सहज शक्य होते, ती जाणून न घेता त्याच्यापुढे हाताला येईल ते टाकणाऱ्या माणसाचे भांडे भरलेले असले तरी त्याचे मन प्रमत्तच असते. १९०७ पूर्वी एखाद्याच्या घरी असा प्राणी धान्यावर राहून मेला असता, तर त्या अज्ञानाला मर्यादा होती. आज पशुवैद्याला विचारण्याचाही आळस करणाऱ्याला ती सवलत घेता येणार नाही. श्वेतांबर परंपरेने मानलेल्या दशवैकालिक या आगमात ज्ञानाला दयेच्या आधीचे स्थान दिले आहे. तो ग्रंथ दिगंबरांना प्रमाण नसला, तरी हा क्रम दोन्ही परंपरांच्या आचाराला धरून आहे.

पोट भरणे आणि पोषण होणे यांतील अंतर शिरोळच्या शेतकऱ्याला नव्याने शिकवावे लागत नाही. ऊसतोडीच्या हंगामात उसाचे वाडे, म्हणजे शेंड्याकडची हिरवी पाने, मुबलक आणि स्वस्त असल्यामुळे जनावरांपुढे तेच टाकले जाते. पण वाड्यातील ऑक्झॅलेट शरीरातील कॅल्शियम बांधून ठेवते, आणि केवळ वाड्यावर ठेवलेली गाय भरल्या पोटी अशक्त होत जाते. याच्या उलट दिशेचा दोष प्रेमातून घडतो. सीमाभागात ज्येष्ठ पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या कर्नाटकी बेंदराला बैलाला पुरणपोळीचा घास भरवण्याची रीत आहे. तो घास मानाचा आहे आणि घासापुरता तो राहिला तर बिघडत नाही. मात्र कौतुकापोटी पोळ्यांचा ढीग पुढे केला, तर पिष्ट आणि गूळ यांच्यामुळे रवंथाच्या पोटात आम्ल वाढून बैल दगावू शकतो. पाहुण्याने प्रेमाने पुढे केलेले बिस्कीट, चपाती, भात, केळे खाणारा गिनीपिगही याच संकटात असतो. प्रेम खरे असते, पण ते देणाऱ्याच्या जिभेच्या मापाने मोजलेले असते.

वैदिक परंपरेतही प्राण्यांना अन्न देण्याचे कर्तव्य आहे. गृहस्थाच्या पंचमहायज्ञांपैकी भूतयज्ञ म्हणजे स्वतः जेवण्यापूर्वी इतर जीवांसाठी अन्नाचा भाग काढून ठेवणे. गोग्रास आणि काकबळी हे त्याचेच घराघरांत दिसणारे रूप होय. याच तालुक्यातील नृसिंहवाडीच्या दत्तक्षेत्रात येणाऱ्या भाविकाला गाय आणि श्वान यांच्यासह असलेली दत्तमूर्ती परिचयाची असते, आणि प्राण्याला घास देणे हा त्याच्या भक्तीचा भाग असतो. या विचाराचे मोल मोठे आहे, तरी पिंजऱ्यातील जीवाच्या प्रश्नाला तो अपुरा पडतो. कावळा बळीचा भात खाऊन उडून जातो आणि उरलेली गरज शेतातून भागवतो. त्याला दिलेले अन्न हे दान असते. पिंजऱ्यातील प्राण्याला दुसरे दारच नसते, आणि मालक जे देईल तेच त्याचे संपूर्ण जग असते. त्याचे अन्न हे दान नसून देणे आहे, म्हणजे ज्याचे स्वातंत्र्य घेतले त्याला रोज फेडावयाचा हप्ता आहे, आणि तो चुकवला तर पुण्य कमी होत नाही, दोष घडतो. जैनांनी ही गोष्ट दानाच्या प्रकरणात न घालता अतिचाराच्या यादीत घातली, यात त्यांची दृष्टी अधिक कठोर आणि अधिक न्याय्य आहे.

सर्वांत नाजूक प्रश्न उभा राहतो तो मालकाच्या स्वतःच्या व्रतांमुळे. सूर्यास्तानंतर न जेवणे हा जैन घरातील सर्वसामान्य नियम आहे. गिनीपिग मात्र दिवसा आणि रात्री थोड्या थोड्या वेळाने खातो, म्हणून संध्याकाळी घरची चूल थंड झाली तरी त्याच्या पिंजऱ्यात रात्रभर पुरेल इतके गवत असावे लागते. भाद्रपदातील दशलक्षण पर्वात घरातील माणसे उपवास किंवा एकाशन, म्हणजे दिवसातून एकदाच भोजन, करतात. माणसाचा उपवास हे तप आहे, कारण तो जाणून आणि स्वेच्छेने केलेला असतो. १९५५ साली कुंथलगिरी येथे आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना, म्हणजे क्रमाक्रमाने आहार सोडण्याचे व्रत, घेऊन देह ठेवला, तेव्हा त्या आहारत्यागामागे आयुष्यभराची साधना होती. तोच आहारत्याग दुसऱ्या जीवावर लादला की तो तप राहत नाही. गिनीपिगचे पोट दिवसभर रिकामे राहिले तर आतड्यांची हालचाल मंदावून त्याच्या जिवावर बेतू शकते. चातुर्मासात पालेभाज्यांवर बारीक जीव असतात म्हणून अनेक कुटुंबे चार महिने पालेभाजी आणत नाहीत. क जीवनसत्त्वाचा साठा मात्र गिनीपिगच्या शरीरात फारसा राहत नाही, आणि ते बंद झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत रोगाची लक्षणे दिसू लागतात. येथे दोन अहिंसांमध्ये संघर्ष असल्यासारखे वाटते, पण नीट पाहिले तर तो सुटणारा आहे. गाजर, बटाटा, बीट ही कंदमुळे जैन घरात वर्ज्य मानलेली, आणि गिनीपिगला त्यांची गरजच नसते. बटाटा तर त्याला देऊच नये. आवळ्यात क जीवनसत्त्व विपुल असते, ढोबळी मिरची चिरून, बिया काढून आणि पाहून देता येते, आणि तेही नको असेल तर पशुवैद्याच्या सल्ल्याने केवळ क जीवनसत्त्वाची मात्रा रोज तोंडाने देता येते. गवत हाही एकेंद्रिय जीव आहे, अशी शंका उरतेच. परंतु अणुव्रताची प्रतिज्ञा त्रस, म्हणजे हालचाल करणाऱ्या, जीवांच्या संकल्पी, म्हणजे जाणूनबुजून केलेल्या, हिंसेपुरती असते, आणि स्थावर जीवांची घरकामात होणारी अपरिहार्य हिंसा कमीत कमी ठेवणे हेच गृहस्थाचे कर्तव्य मानले आहे. तेव्हा व्रताच्या नावाने त्या प्राण्याला उपाशी किंवा रोगी ठेवणे हे व्रतपालन नव्हे, तर एका व्रताच्या आडून दुसऱ्या व्रताला लावलेला कलंक आहे.

प्रत्यक्ष आहार अवघड नाही. वाळलेले गवत अहोरात्र आणि हवे तितके समोर असावे. शेताच्या बांधावर उगवणारी हरळी ओली आणि वाळलेली दोन्ही प्रकारे चालते, मात्र तणनाशक मारलेल्या उसाच्या बांधावरचे गवत कधीही आणू नये. लसूणघासात कॅल्शियम जास्त असल्यामुळे ते वाढत्या पिलांना आणि गाभण मादीला ठीक, प्रौढाला नेहमीचे म्हणून नको, कारण त्याने मूत्राशयात खडे होण्याचा धोका वाढतो. प्रौढ गिनीपिगला दर किलो वजनामागे रोज सुमारे १० ते ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते. ढोबळी मिरचीच्या दोन-चार फोडी आणि थोडी कोथिंबीर यांतून ही गरज बऱ्याच अंशी भागते. पालक अधूनमधून, फळ क्वचित आणि लहान तुकड्याएवढेच द्यावे. बाजारातील गोळीखाद्य दोन चमच्यांहून अधिक नको, आणि सशाचे खाद्य त्याऐवजी चालत नाही, कारण त्यात क जीवनसत्त्व घातलेले नसते. साठवणीत हे जीवनसत्त्व कमी होत जाते, म्हणून जुने पाकीट भरवशाचे नसते. कांदा, लसूण, दूध, शिजवलेले अन्न वर्ज्य. पाणी रोज बदलावे.

एवढे सारे केल्यानंतरही पाच अतिचारांपैकी पहिला, बंध, शिल्लक राहतोच. नेमिनाथ तीर्थंकरांनी विवाहाच्या वाटेवर कोंडलेले पशू पाहून वैराग्य स्वीकारले, ही कथा जैन घरातील मुलांनाही ठाऊक असते. २०२५ च्या जुलै महिन्यात नांदणी मठातील महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने गुजरातमधील जामनगरला नेण्यात आली, तेव्हा शिरोळ तालुक्यात उसळलेली व्याकुळता आणि हत्तिणीच्या प्रकृतीवरून झालेला वाद यांतून हाच प्रश्न मोठ्या आकारात पुढे आला होता : प्राण्यावरचे प्रेम आणि त्याच्या देहाची गरज यांचा मेळ कोणी आणि कसा घालायचा? त्या प्रकरणाचा निवाडा येथे करावयाचा नाही. गिनीपिगच्या बाबतीत मात्र उत्तर स्पष्ट देता येते. पाळलेला गिनीपिग उसाच्या फडात सोडून देणे ही मुक्ती नव्हे, कारण कुत्रे, मांजर किंवा मुंगूस यांच्यापुढे तो एक रात्रही टिकणार नाही. म्हणून जो आधीच घरात आला आहे त्याला जन्मभर नीट सांभाळणे, शक्यतो त्याच्याच जातीचा सोबती देऊन प्रशस्त जागेत ठेवणे, हाच मार्ग उरतो. जो अजून आणलेला नाही, त्याच्याविषयी श्रावकाने आणि इतरांनीही दुकानाच्या दारातच विचार करावा : पाच ते आठ वर्षे, सणावारी आणि परगावी जातानाही, ताजे गवत आणि पाला रोज देणे ज्याला जमणार नाही, त्याने हा प्राणी घरी आणू नये.