वहीत न मांडलेला खर्च

आमच्या घरात सहलीची सुरुवात वहीने होते. कारवारला दोन दिवस जायचे असले तरी बसचे भाडे, लॉज, जेवण, शहाळी आणि ‘किरकोळ’ असे रकाने आधी आखले जातात. शिक्षकाच्या पगारात संसार केलेल्या माणसाची ही खोड निवृत्तीनंतरही सुटत नाही. यंदा मात्र वहीच्या पहिल्या ओळीत ‘अंदमान’ असे लिहिले गेले, आणि सौ.ने चष्मा पुसून ते दोनदा वाचले.

प्रस्ताव हुबळीच्या जावयांचा. मुलगी, नातू, ते आणि आम्ही दोघे, अशी पाच माणसे. परदेशातल्या बेटांवर जाणे आपल्याला झेपणारे नाही. पण तसलाच निळा समुद्र, तसलीच पांढरी वाळू आपल्याच देशात आहे, मग का जाऊ नये, हे त्यांचे म्हणणे. रेल्वेने चेन्नई, तिथून दोन-सव्वादोन तासांचे विमान. बोटीने गेलो तर याहून स्वस्त, पण समुद्रात तीन दिवस, सौ.ला कारवारच्या होडीतही मळमळते, म्हणून तो विचार सोडला. बेटाबेटांतून फिरायला सरकारी बोट, राहायला साधे लॉज, आणि पहिल्या दोन दिवसांपुरती घरची कडक भाकरी, शेंगाची चटणी व भडंग. वहीतला आकडा हळूहळू आवाक्यात आला.

अंदमान म्हटले की मराठी घरात आधी समुद्रकिनारा आठवत नाही, कोठडी आठवते. सावरकरांना १९११ साली तिथे नेले आणि १९२१ साली परत आणले. ‘माझी जन्मठेप’ आमच्या पिढीने शाळकरी वयातच वाचली. १९०६ मध्ये बांधून पुऱ्या झालेल्या त्या तुरुंगाच्या सात पाखांपैकी आज तीनच उभ्या आहेत. सकाळी तिथे डोळे पुसायचे आणि दुपारी पाण्यात डुंबायचे, यात विसंगती आहे असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. ज्यांनी तिथे कोलू ओढला त्यांनी तो पुढच्या पिढ्यांनी समुद्र बघू नये म्हणून ओढला नव्हता.

पण वही लिहिताना एक गोष्ट ध्यानात आली. आपण त्या बेटांना ‘काळे पाणी’ म्हणतो, जणू इंग्रजांनी कैदी नेऊन सोडेपर्यंत तिथे कोणी नव्हतेच. आपला जो तुरुंग, ते कुणाचे तरी घर होते. १८५८ साली इंग्रजांनी तिथे कैद्यांची वसाहत केली तेव्हा ग्रेट अंदमानी लोक हजारोंनी होते. गोवर आणि इतर रोगांनी ते झपाट्याने संपत गेले आणि आज जेमतेम पन्नास-साठ उरले आहेत. त्यांच्यातली ‘बो’ ही भाषा बोलणारी शेवटची स्त्री, बोआ सीनियर या नावाने ओळखली जाणारी, २०१० च्या जानेवारीत वारली. शेवटच्या काही वर्षांत तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारे कोणी नव्हते. घरात एक आणि बाजारात दुसरी भाषा बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वाचून निदान क्षणभर थांबावेसे वाटेल.

सहलीच्या चौथ्या दिवसापुढे जावयांनी ‘बारातांग’ लिहिले आहे. तिथे चुनखडीच्या गुहा आहेत, चिखलाचा ज्वालामुखी आहे. जाण्याचा नेहमीचा रस्ता जिरकाटांगच्या नाक्यावरून जारवा लोकांच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ताफ्याने सोडतात. वाटेत थांबायचे नाही, फोटो काढायचे नाहीत, काही द्यायचे-घ्यायचे नाही. जारवांची संख्या काही शेकड्यांतच. १९९७-९८ पर्यंत ते बाहेरच्यांना जवळ येऊ देत नसत; नंतर आपण होऊन बाहेर येऊ लागले आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने राखीव जंगलातला तो रस्ता बंद करण्यास सांगितले. तो बंद झाला नाही. २०१२ च्या जानेवारीत लंडनच्या एका वृत्तपत्राने, खाऊच्या बदल्यात जारवा स्त्रियांना पर्यटकांपुढे नाचायला लावल्याची चित्रफीत उजेडात आणली. पुढच्या वर्षी न्यायालयाने पर्यटकांना काही आठवडे त्या रस्त्यावर बंदी घातली. मग ती उठली.

सहलवाल्याला मी फोन करून विचारले, त्या रस्त्याने गेल्यावर काय दिसते? तो आधी गुहांबद्दल बोलला. मग आवाज जरा उतरवून म्हणाला, ‘‘नशीब असेल तर ते लोकही दिसतात, सर.’’ हेच वाक्य, याच सुरात, मी दांडेलीच्या जंगलात वाघाबद्दल ऐकले आहे.

इथे मला हल्याळ आठवले. वडिलांची तिथे काही वर्षे बदली होती. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. आठवड्याच्या बाजारात सिद्दी बाया लाकडाच्या मोळ्या घेऊन येत. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचे हे वंशज आपल्या शेजारच्या जंगलात राहतात, हे तेव्हा मला कुठे ठाऊक! त्यांचे कुरळे केस बघत मी एकीसमोर उभा राहिलो, किती वेळ ते आठवत नाही. तिने मोळी खाली ठेवली आणि म्हणाली, ‘‘काय बघतोस रे? कधी माणूस बघितला नाहीस?’’ स्वच्छ मराठीत. शब्दांपेक्षा ते शब्द माझ्या भाषेत होते याचीच मला जास्त लाज वाटली. मी पळालो. घरी कुणाला सांगितले नाही. आज साठ वर्षांनी प्रथमच लिहितो आहे.

तिच्यापाशी मला गप्प करायला माझी भाषा होती. बारातांगच्या रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाने बसमधल्या माणसांना काय म्हणावे? तो बोलला तरी काचेआड बसलेल्यांपैकी कुणाला कळणार?

हे सगळे मी जावयांना सांगितले. ते शांतपणे ऐकणारे गृहस्थ आहेत. म्हणाले, ‘‘मामा, तो रस्ता आपल्यासाठी बांधलेला नाही. रंगत, मायाबंदर, दिगलीपूरच्या लोकांचे सगळे येणे-जाणे त्यावर आहे. आजारी माणसे त्याच रस्त्याने येतात. आपण गेलो नाही म्हणून तो बंद होणार आहे का? आणि आपण मुळी बघणारच नाही.’’

पहिले म्हणणे खरे आहे. तिकडे बंगालचे निर्वासित आणि इतरही अनेक कुटुंबे सरकारनेच नेऊन वसवली. त्यांच्या रुग्णाला ‘तू जाऊ नको’ असे धारवाडच्या ओसरीत बसून सांगणे हा उद्धटपणा झाला. पण त्यांची गरज दाखवून माझी हौस वसूल करणे हेही मला जमत नाही. माझ्या एका जागेने रस्ता बंद होणार नाही, हेही कबूल. मात्र हाच हिशेब प्रत्येक गाडीतला प्रत्येकजण करतो, आणि ताफा भरतो. राहता राहिले ‘बघणार नाही’. नातवाला मी खिडकीची जागा देणार, आणि जंगल लागले की पडदा ओढ म्हणणार?

मी सुचवले की तो दिवस गाळू, चिडियाटापूला संध्याकाळ काढू, खर्चही वाचेल. सहलवाल्याने सांगितले, दर सगळ्या दिवसांचा मिळून आहे. बारातांगला न गेलात तरी पैसे तेवढेच. म्हणजे त्या दिवशीची गाडी आणि जेवण वेगळे, ज्यादा. सौ. म्हणाली, ‘‘अहो, पैसे भरून झालेत. गुहा मला बघायच्या आहेत. मी येताना-जाताना डोळे मिटून रामरक्षा म्हणेन.’’ ती खरेच म्हणेल. मुलगी काही बोलली नाही. नातवाला फक्त चिखलाचा ज्वालामुखी हवा आहे, आणि मला त्याच्या वयाला तोच हवा असता.

नाक्यावरच्या परवान्यासाठी सहलवाल्याने पाचही जणांच्या आधार कार्डाच्या प्रती मागितल्या आहेत. रविवारी जावई येऊन चार घेऊन गेले. जाताना दारात थांबून म्हणाले, ‘‘मामा, तुमची मागाहून पाठवा, घाई नाही.’’ ती अजून टेबलाच्या खणात आहे. वहीत चौथ्या दिवसापुढे मी शिसपेन्सिलीने ‘चिडियाटापू, एक माणूस’ असे लिहून ठेवले आहे. रक्कम अजून घातलेली नाही.