चक्र फिरते की फिरवावे लागते?

माणूस गेला की तो पंचत्वात विलीन झाला असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यात एक दिलासा असतो: मातीचे मातीला मिळाले, वाया काही गेले नाही. विज्ञान शिकलेली माणसे हाच दिलासा अणूंच्या भाषेत देतात. दोघांनीही एक गोष्ट न तपासता धरलेली असते, ती म्हणजे हे चक्र आपोआप फिरते. अणू टिकतात हे खरे, पण टिकणे आणि परतणे यांत फार अंतर आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ७०० ग्रॅम फॉस्फरस असतो, त्यातला बहुतेक हाडांत आणि दातांत. चितेतला कार्बन आणि नायट्रोजन हवेत जातो, आणि वनस्पती व जिवाणू त्याला कधी ना कधी पुन्हा पकडतात. फॉस्फरसला निसर्गात वायुरूप जवळजवळ नाहीच. तो अस्थींबरोबर नदीत जातो, नदीतून समुद्रात, तिथून तळाच्या गाळात. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेतून वगैरे थोडा जमिनीवर येतो, तेवढाच. बाकीच्याला तो गाळ खडक होऊन वर उचलला जाईपर्यंत आणि झिजेपर्यंत कोट्यवधी वर्षे थांबावे लागते.

मग चक्र फिरवतो कोण? याचे सर्वांत स्पष्ट उत्तर अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रुकच्या जंगलात मिळाले. हर्बर्ट बोर्मन, जीन लायकेन्स आणि त्यांचे सहकारी तिथल्या लहान पाणलोटांचा जमाखर्च मांडत होते: पावसाबरोबर किती क्षार आत आले, ओढ्यातून किती बाहेर गेले. १९६५-६६च्या हिवाळ्यात त्यांनी एका पाणलोटातली सगळी झाडे तोडली, लाकूड जागीच पडू दिले आणि पुढची तीन वर्षे तणनाशक मारून काही उगवू दिले नाही. त्या ओढ्यातले नायट्रेट ४० पटींहून अधिक वाढले. कॅल्शियम आणि पोटॅशियमही वाहून जाऊ लागले. त्या जमिनीत कुजणे मात्र थांबलेले नव्हते. पाने कुजत होती, जिवाणू अमोनियमचे नायट्रेट करत होते, म्हणजे मरणाकडून निघणारे अर्धे वर्तुळ सुरळीत चालू होते. नाहीशी झाली होती ती घेणारी मुळे. जंगलाने साठवून ठेवलेले धन ओढ्यावाटे जायला एवढे पुरले.

गीतेचा तिसरा अध्याय इथे आठवतो. प्राणी अन्नापासून, अन्न पावसापासून, पाऊस यज्ञापासून, यज्ञ कर्मापासून, एवढे सांगून तो थांबत नाही. हे चक्र जो पुढे चालवत नाही त्याचे जगणे व्यर्थ, असे तो बजावतो, आणि मिळालेले परत न देता भोगणाऱ्याला चोर म्हणतो. चक्र आपोआप फिरत असते तर बजावायचे कारण नव्हते. शिवाय ऐकणारा अर्जुन आहे, कर्म टाकून बाजूला होऊ पाहणारा. पर्यावरणाच्या आजच्या नीतीत ‘कमी घ्या’ हे पहिले आणि पुष्कळदा शेवटचे वाक्य असते. हबर्ड ब्रुकमध्ये घेणारे उरले नाहीत म्हणूनच जमीन रिती होऊ लागली. माझे म्हणणे असे की घेणे हा दोषच नाही. घेतलेले पुढच्याला उचलता येईल अशा जागी सोडणे, हे खरे काम आहे. ओरबाडणारा ते करत नाही, आणि हात आखडून बसलेला विरक्तही करत नाही.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. पोथ्यांत विज्ञान शोधण्याचा छंद आपल्याकडे जुना आहे, हा त्यातलाच प्रकार नाही का? नाही. यज्ञाने पाऊस पडतो हे हवामानशास्त्र म्हणून चूक आहे आणि ते सावरायच्या भानगडीत पडू नये. मला हवे आहे ते त्यातले देण्याघेण्याचे नाते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: निसर्गात काय घडते यावरून माणसाने कसे वागावे हे निघत नाही. मान्य. निसर्गात गळतीही आहे आणि नासाडीही. पण बांधिलकी निसर्गाच्या रीतीतून येत नाही, आपण घेतले यातून येते, आणि न घेता कोणी जगत नाही. परत द्यायचे कोणाला, झाडे तर मागायला येत नाहीत, असे कोणी म्हणेल. पितृऋणाची कल्पना ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे अवघड वाटू नये. ते ऋण मेलेल्यांचे असते आणि फेडायचे असते पुढच्या पिढीत.

उलट, खते टाकून आपण घेतल्याहून जास्तच देतो, असाही युक्तिवाद होतो. फ्रित्झ हाबरने १९०९ साली हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला, १९१३मध्ये कार्ल बॉशच्या हाताखाली त्याचा कारखाना सुरू झाला, आणि आज निम्म्याच्या आसपास माणसे त्या अन्नावर जगतात. पण शेतातून सुटलेला नायट्रोजन मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखातात जाऊन दर उन्हाळ्यात तिथल्या पाण्यातला प्राणवायू संपवतो. त्याला परतफेड कशी म्हणणार? मुंबईत धान्याबरोबर येणाऱ्या फॉस्फरसचा मोठा वाटा मैल्यात जातो, आणि वरळी व वांद्र्याच्या नळांतून समुद्रात तीन किलोमीटरहून आत सोडला जातो. घेणारे मूळ तिथे नाही.

सर्वांत कठीण आक्षेप आपल्या घरातला आहे. ज्या समाजाने यज्ञचक्राचे गोडवे गायले, त्याने ते चक्र प्रत्यक्ष फिरवणाऱ्यांना, मेलेली गुरे ओढणाऱ्यांना, मैला उचलणाऱ्यांना अस्पृश्य ठरवले. १९२७ साली महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृतमांस सोडायला सांगितले, आणि गुरे ओढण्याचे काम नाकारणे हा चळवळीचा भाग झाला. हा नकार चक्र मोडणारा होता असे ज्या तत्त्वज्ञानातून निघेल, ते तत्त्वज्ञानच टाकून द्यावे. माझ्या वाचनात तसे निघत नाही. जनावराचे दूध प्यायचे, त्याच्या खांद्यावर शेत नांगरायचे आणि ते मेल्यावर शिवायचे नाही, तिसऱ्या अध्यायातला चोर तो. हाताने मैला काढण्याच्या आणि सुरक्षा साधनांशिवाय गटारात उतरवण्याच्या प्रथेवर २०१३च्या कायद्याने बंदी आहे, तरी माणसे अजून उतरतात आणि गुदमरून मरतात. त्या गटारात वाहते ते वरच्या मजल्यांवर जेवलेले अन्नच असते.