कर्नाळ्याची दुपार किती वाजता होते?

मे महिन्याच्या मध्यावर, १५ तारखेच्या आगेमागे, पनवेलजवळच्या कर्नाळ्याच्या पायथ्याशी सपाट जागा बघून एक सरळ काठी उभी रोवावी. सकाळभर तिची सावली पश्चिमेकडे पडते, आखडत आखडत बुंध्याशी येते आणि एका क्षणी दिसेनाशी होते. हा शून्य सावलीचा दिवस. सूर्य अगदी डोक्यावर, म्हणजे खरी दुपार. मनगटावरच्या घड्याळात मात्र १२ वाजून ३४ मिनिटं झालेली असतात.

ही चौतीस मिनिटं कुठून आली, एवढं एकदा नीट समजून घेतलं की देशोदेशींच्या वेळांचा गुंता सुटायला लागतो.

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. ही रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. कर्नाळा ७३ अंशांच्या किंचित पुढे आहे. मधलं अंतर साडेनऊ अंशांच्या जवळपास, म्हणजे ३७-३८ मिनिटांचं. सूर्य मिर्झापूरच्या रेषेवरून आपल्याकडे सरकायला तेवढा वेळ घेतो. पृथ्वीची कक्षा लांबट आणि आस कललेला असल्यामुळे यात वर्षभर थोडी भर-घट होत राहते; मेच्या मध्याला घट होऊन चौतीस उरतात, नोव्हेंबरच्या सुरुवातीला कर्नाळ्याची दुपार १२.२१ला होते, फेब्रुवारीच्या मध्याला १२.५२ला.

म्हणजे खरी वेळ गावागणिक वेगळीच असते. नागपूरची दुपार कर्नाळ्याच्या सुमारे २४ मिनिटं आधी होते. संकष्टीच्या दिवशी पंचांगात प्रत्येक शहराचा चंद्रोदय वेगळा छापतात तो याचसाठी. नागपूरकरांचा उपास मुंबईकरांच्या आधी सुटतो. घड्याळातली वेळ ही माणसांनी आपापसांत ठरवलेली, आणि ठरवताना कुणाच्या तरी सूर्याला मागे ठेवावं लागतं.

मुंबईने हे निमूटपणे मान्य केलं नव्हतं. १८८१ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांनी रेल्वेची मद्रास वेळ शहरावर लादायचा प्रयत्न केला, तेव्हा विरोध झाला. १ जानेवारी १९०६ला भारतीय प्रमाणवेळ आली आणि मुंबईची घड्याळं एकदम ३९ मिनिटं पुढे न्यायची ठरली. गिरणी कामगार चिडले. भोंगा घड्याळाच्या त्याच आकड्याला वाजणार, पण सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटं आधी. थंडीतल्या अंधारात घर सोडायचं कुणी, तर त्यांनी! त्या विरोधाला मी हट्ट म्हणणार नाही. मुंबई वेळ शहरात पुढे कित्येक दशकं प्रमाणवेळेच्या जोडीने चालली, पार १९५५पर्यंत.

घड्याळ ठरवलेलं आहे हे पटलं की ते ऋतूप्रमाणे सरकवणंही चमत्कारिक वाटत नाही. लंडनमध्ये डिसेंबरचा दिवस जेमतेम आठ तासांचा, जूनचा साडेसोळा तासांचा. घड्याळाला हात लावला नाही तर जूनमध्ये तिथे पावणेचारला उजाडेल. सगळे झोपेत असताना वाया जाणारा तो पहाटेचा उजेड संध्याकाळी हाताशी यावा म्हणून घड्याळ तासभर पुढे करतात. उजेड मिनिटानेही वाढत नाही, माणसं फक्त तासभर आधी उठतात. कर्नाळ्यात जूनचा दिवस सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरचा अकराचा; त्या दोन-सव्वादोन तासांसाठी अख्ख्या देशाची घड्याळं वर्षातून दोनदा हलवण्यात काही हशील नाही. १९६८पासून अभयारण्य असलेल्या या रानात पक्षी बघायला येणारे काय करतात? जूनमध्ये सहाला उजाडतं, जानेवारीच्या मध्याला सव्वासातला. ते घड्याळ तसंच ठेवतात आणि आपली निघायची वेळ बदलतात. आपल्याला तेवढं पुरतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मात्र, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५, भारताचं घड्याळही तासभर पुढे होतं. तेव्हा कर्नाळ्याची दुपार वर्षाचा बराच काळ दीडच्या पुढे जात असणार.

आता हिशेब. शेजाऱ्यांचा सोपा: पाकिस्तान आपल्या अर्धा तास मागे, नेपाळ पाव तास पुढे, बांगलादेश अर्धा तास पुढे. दूरच्या देशाशी मात्र थेट फरक पाठ करू नये, ग्रिनिचच्या प्रमाणवेळेवरून जावं. पनवेलला रात्रीचे आठ वाजले असतील तर साडेपाच तास वजा करा: ग्रिनिचच्या प्रमाणवेळेने दुपारचे अडीच. न्यूयॉर्क हिवाळ्यात त्याच्या पाच तास मागे, म्हणजे सकाळचे साडेनऊ. उन्हाळ्यात चार तास मागे, म्हणजे साडेदहा. यात ग्रिनिचची प्रमाणवेळ कधीच सरकत नाही आणि आपलीही नाही. सरकतात ते फक्त समोरचे.

फसगत होते ती मार्चमध्ये. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, ब्रिटन शेवटच्या रविवारी. मुलगी न्यू जर्सीत, मुलगा लंडनमध्ये आणि आईवडील पनवेलमध्ये अशा घरात त्या दोन-तीन आठवड्यांत नेहमीचा हिशेब चुकतो, कारण एकाचं घड्याळ हललेलं असतं आणि दुसऱ्याचं नाही. परतताना ब्रिटन ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतो, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. तेव्हा असाच एक आठवडा.

म्हणून बोलायची वेळ ठरवताना नुसतं ‘आठ वाजता’ लिहू नका. ‘पनवेलचे रात्री आठ’ असं गावासकट लिहा, आणि मार्च व ऑक्टोबर-नोव्हेंबरात समोरच्याला एकदा विचारून घ्या, घड्याळ हलवलंत का.